दहा ओळींचं कोटेशन

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे. टॅक्सीवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळे अजून जुन्या गव्हर्नरच्या नावानेच त्याला ओळखतात. इथल्या कुठल्याही दुकानात ‘नवा कॉम्प्युटर घ्यायचाय’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘ब्रँडेड की असेंबल?’ ब्रँडेड म्हटलं तर एक मॉडेल नंबर आणि एक आकडा पुढे येतो. असेंबल म्हटलं की दुकानदार पॅड ओढतो आणि एकाखाली एक लिहीत जातो: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस, यूपीएस. ग्राफिक कार्ड लागणार असेल तर दहावी ओळ.

गेले काही महिने मी मुंबई, पुणे, कोल्हापूर, सांगली आणि दापोली भागातल्या लोकांशी या एकाच खरेदीबद्दल बोलतो आहे. जवळजवळ प्रत्येकाने आधी विचारलं ते स्वस्त काय पडतं. मला मात्र जसजसं ऐकत गेलो तसतसं वाटू लागलं की किमतीवर हा निर्णय सोडू नये, कारण किंमत दर सहा महिन्यांनी कूस बदलते. त्यापेक्षा हे विचारावं: दोन-तीन वर्षांनी एखाद्या सकाळी मशीन चालू झालं नाही, तर त्याचं झाकण कोण उघडणार? आणि आत जो भाग गेला असेल तो जवळच्या बाजारातून आणून बसवता येणार का? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याला नीट मिळाली, त्याने ब्रँडेड घेतलं काय नि असेंबल घेतलं काय, त्याचं नुकसान होत नाही.

अमेरिकेत किंवा युरोपात ‘स्वतः बांधणं’ म्हणजे खरोखरच सुटे भाग घरी मागवून टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणं. आपल्याकडे असं करणारी मुलं आहेत, त्यांची संख्याही वाढते आहे. पण असेंबल मशीन घेणारे बहुतेक लोक स्वतः काही जोडत नाहीत. भाग आपण निवडतो (किंवा निवडल्यासारखं करतो), जोडणी दुकानातला मुलगा करतो आणि पुढची काही वर्षं त्या दुकानाचा फोन नंबर हाच आपला विमा असतो. तयार माल आणि घरची जोडणी यांच्या मधली ही तिसरी वाट फार महत्त्वाची आहे. परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलला की नेमकी तीच दिसेनाशी होते.

सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवता येतो, याला एक जुना निर्णय कारणीभूत आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. कंपनीला घाई होती, म्हणून प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची आणि बाकीचेही बरेचसे भाग बाहेर मिळणारे वापरले. मशीनची तांत्रिक माहितीसुद्धा छापून प्रसिद्ध केली. आयबीएमची खास मालकी उरली ती बायोसवर, म्हणजे मशीन सुरू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर. कॉम्पॅकने तसंच काम करणारा बायोस नव्याने लिहून घेतला, पाठोपाठ फिनिक्स या कंपनीने असा बायोस सगळ्यांनाच विकायला काढला, आणि ‘आयबीएम कम्पॅटिबल’ मशीन कुणालाही बनवता येऊ लागलं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स मानक आणलं. बोर्डावरची स्क्रूची भोकं कुठे असावीत, वीज देणाऱ्या प्लगचा आकार काय असावा, हे सगळं त्यात ठरलं. आज एका कंपनीचं कॅबिनेट, दुसरीचा बोर्ड आणि तिसरीचा एसएमपीएस एकमेकांत बिनतक्रार बसतात ते त्यामुळेच. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली, १९९७ मध्ये आपण माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झालो आणि सुट्या भागांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरलं. रेडिओचे भाग विकणाऱ्या लॅमिंग्टन रोडला मग मदरबोर्डकडे वळायला फार वेळ लागला नाही.

कॉम्प्युटर विकत घ्यायचा की बांधायचा, हा प्रश्न आपल्या देशापुढे पहिल्यांदा आला तेव्हा दोन शहरांनी दोन उत्तरं दिली होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने ब्रिटनहून एचईसी-२एम हे यंत्र विकत आणलं. साधारण त्याच वेळी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक तरुण गट स्वतःच कॉम्प्युटर बांधायला बसला. १९५६ मध्ये छोटं प्रायोगिक यंत्र तयार झालं, १९६० मध्ये पूर्ण यंत्र चालू झालं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ‘टीफ्रॅक’ ठेवलं. निर्वात नळ्यांवर चालणारं, फेराइट कोअरची स्मृती असलेलं हे यंत्र होतं. ज्यांनी ते बांधलं त्यांच्यापैकी कुणी त्याआधी कॉम्प्युटर बांधलेला नव्हता. पुढे १९६४ मध्ये याच संस्थेने सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर विकत घेतला, कारण तोवर गरज हाताने बांधण्याच्या पलीकडे गेली होती. आधी बांधणं, मग विकत घेणं. दोन्ही वेळा निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं, कारण दोन्ही वेळा यंत्राच्या पोटात काय आहे हे कळणारी माणसं खोलीत हजर होती.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका पोटमाळ्यावर मी एक मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडलं जाताना पाहिलं. जोडणारा मुलगा विशीतला, विरारहून येणारा. त्याने आधी बोर्डाचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका टेबलावर पालथा घातला आणि त्यावर बोर्ड ठेवला. प्रोसेसर रायझनचा होता. सॉकेटच्या कडेची तार बाजूला दाबून उचलली, पत्र्याची चौकट वर केली, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला आणि प्रोसेसर अलगद सोडला. त्याला दाबायचं नसतं. आतल्या शेकडो पिनांपैकी एक जरी वाकली तरी बोर्ड हातचा जातो आणि तो वॉरंटीत बसत नाही. तार परत खाली घेतल्यावर काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडालं. ते त्याने जपून बोर्डाच्या खोक्यात टाकलं. ‘बोर्ड वॉरंटीत पाठवताना हे झाकण मागतात, दादा.’ मग थर्मल पेस्ट, त्यावर कूलर. रॅमच्या दोन पट्ट्या त्याने शेजारी-शेजारी लावल्या नाहीत. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. चार खाचांच्या बोर्डावर हीच जागा योग्य असते.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळा. ज्याचं मशीन होतं तो गृहस्थ खुर्चीतून उठलाच. मुलगा म्हणाला, ‘काका, बसा. रॅम ट्रेनिंग चाललंय.’ डीडीआर-५ मेमरी पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिच्याशी वेगाचा मेळ घालून पाहतो, त्याला कधी कधी कित्येक मिनिटं लागतात. घरी पहिल्यांदा मशीन जोडणारे याच क्षणी घाबरतात, वीज बंद करतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शेवटी पडदा उजळला. बायोसमध्ये रॅमचा वेग ४८०० दिसत होता. पट्टीच्या खोक्यावर ६००० लिहिलेलं. मुलाने एक्स्पो नावाचा पर्याय चालू केला, मशीन पुन्हा सुरू केलं, आकडा ६००० झाला. एवढं एक बटण चालू करायचं राहून गेल्यामुळे पैसे मोजलेला वेग न वापरताच अनेक मशीन वर्षानुवर्षं चालत असतात. असेंबल मशीन घेणाऱ्याने दुकानातून निघण्याआधी हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

कोटेशनच्या दहा ओळींत लोक प्रोसेसरच्या ओळीवर सर्वांत जास्त घासाघीस करतात आणि एसएमपीएसची ओळ वाचतही नाहीत. माझा आग्रह उलटा आहे. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणारा हा डबा कच्चा निघाला, तर तो एकटा जात नाही. जाताना बोर्ड आणि डिस्क सोबत नेऊ शकतो. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ छापलेलं असतं, पण बारा व्होल्टच्या रेषेवर तो खरोखर किती देतो हे बाजूच्या छोट्या तक्त्यात पाहावं लागतं. तक्ता नसेल तर तो घेऊ नये. ‘८० प्लस’ची खूण कार्यक्षमतेची आहे, टिकाऊपणाची हमी नाही, तरी निदान कुणीतरी तो तपासला आहे एवढं तिच्यावरून कळतं. घरात अर्थिंग नीट नसेल तर महागडा एसएमपीएससुद्धा फार काही करू शकत नाही. कॉम्प्युटरच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. आणि यूपीएस: सर्रास विकला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. ऑफिसच्या मशीनला तो पुरतो. मोठं ग्राफिक कार्ड असलेलं मशीन वीज गेल्याक्षणी त्याला बसवतं.

ब्रँडेड मशीनची खरी मेख याच डब्याशी लागते. मोठ्या कंपन्यांच्या अनेक डेस्कटॉपांत एसएमपीएसचा आकार आणि बोर्डावरचा प्लग कंपनीचा स्वतःचा असतो, बोर्डही स्वतःच्याच मापाचा. मशीन नवं असताना याचा काही त्रास नसतो, उलट आतली मांडणी सुबक असते आणि आवाजही कमी. वॉरंटी संपल्यावर डबा जळाला तर मात्र बाजारातला एसएमपीएस त्यात बसत नाही. कंपनीचा मागवावा लागतो, तो मिळेल त्या दराने आणि मिळेल तेव्हा. खरेदीच्या वेळी दुकानदाराला झाकण उघडून दाखवायला सांगावं. मुख्य प्लग चोवीस पिनांचा आहे का आणि बोर्ड नेहमीच्या मापाचा आहे का, एवढंच पाहायचं. दाखवायला नकार मिळाला तर तेही एक उत्तरच समजावं.

इतकं असूनही कोल्हापुरातल्या एका सीए ऑफिसने दहा मशीन ब्रँडेड घेतली, आणि मला तो निर्णय पूर्ण पटला. तिथे टॅली, एक्सेल आणि सरकारी पोर्टलं चालतात. ग्राफिक कार्डाचं काही काम नाही. ऑफिससाठीच्या मालिकेत तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी मिळाली, म्हणजे इंजिनिअर टेबलापाशी येणार. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात मशीन बंद पडलं तर फर्मच्या भागीदाराने सुटे भाग हातात घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांच्या पायऱ्या चढणं परवडणारं नाही. असेंबल मशीनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते: प्रोसेसर आणि बोर्ड बहुधा तीन वर्षं, चांगल्या एसएसडीला पाच, रॅमला त्याहूनही जास्त. बेरीज केली तर ती ब्रँडेडपेक्षा भरघोस दिसते, पण कुठला भाग गेला आहे हे आधी कुणीतरी शोधून काढावं लागतं. या ऑफिसला जीएसटीचं रीतसर बिल मिळालं आणि १८ टक्के कर इनपुट क्रेडिटमध्ये वळता झाला. घरगुती ग्राहकाला हा फायदा नाही, तरी बिल त्यानेही घ्यावंच. बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे नुसता शब्द.

पुण्यात सदाशिव पेठेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका तरुणीची गोष्ट याच्या अगदी विरुद्ध. तिला दुकानातून मिळालेल्या कोटेशनमध्ये इंटेलचा असा प्रोसेसर होता ज्याच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर होतं. तो जरा स्वस्त असतो, कारण त्यात ग्राफिकचा भाग बंद असतो. ‘मॅडम, कार्ड घेताय ना वेगळं, मग तो कशाला हवा?’ हा दुकानदाराचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण तिच्या कॅमेऱ्यातून येणारं फुटेज एच.२६५ मधलं, १०-बिट ४:२:२ होतं. ते झपाट्याने उलगडण्याचं काम इंटेलच्या प्रोसेसरमधला हाच ग्राफिक भाग करतो. एनव्हिडियाच्या कार्डांना ते २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत येत नव्हतं. तिने ‘एफ’ नसलेला प्रोसेसर लिहून घेतला आणि कार्ड एक पायरी खालचं घेतलं. टाइमलाइन आता अडकत नाही. आपलं काम नेमकं कसलं आहे हे ज्याला असं तपशिलाने सांगता येतं, त्याने असेंबलच करावं. तयार मॉडेलमध्ये हे अक्षर बदलून मागता येत नाही.

आता किमतीचं. २०२१ च्या आसपास क्रिप्टोच्या खाणकामाने ग्राफिक कार्डांचे भाव असे चढवले होते की कार्डासकट तयार मशीन घेणं सुट्या कार्डापेक्षा शहाणपणाचं ठरत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने खाणकामाची पद्धत सोडली आणि तो ज्वर उतरला. २०२५ च्या सरत्या महिन्यांत रॅमची पाळी आली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायचा सपाटा लावला, डीडीआर-५ पट्ट्यांचे भाव दुपटीच्या पुढे गेले आणि डिसेंबरात मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपन्या मेमरीचे करार आधी करून ठेवतात, त्यामुळे असा भडका त्यांच्या तयार मशीनपर्यंत उशिरा पोचतो. अशा काळात ब्रँडेड स्वस्त पडतं. बाजार निवळला की पुन्हा असेंबल. म्हणून ‘असेंबल नेहमी स्वस्त’ हे वाक्य आता विसरावं आणि दोन्ही कोटेशन एकाच दिवशी घ्यावीत.

ती शेजारी ठेवताना असेंबलच्या कागदावर न लिहिलेली अकरावी ओळ आठवावी: विंडोज. ब्रँडेडच्या किमतीत तिचं लायसन्स बहुधा धरलेलं असतं. असेंबलमध्ये ‘टाकून देतो’ असं म्हणत जे टाकलं जातं ते बहुतेकदा चोरीचं असतं, आणि त्या चोरीच्या प्रतीवर आपण बँकेचा पासवर्ड टाइप करतो. लायसन्सचे पैसे धरून तुलना करावी, नाहीतर सरळ लिनक्स वापरावं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. त्यामुळे धडधाकट मशीन टाकून नवी घेणारे बरेच जण मला भेटले. त्यातल्या कित्येकांना एक एसएसडी आणि लिनक्स पुरलं असतं.

दापोली तालुक्यातल्या एका शाळेला देणगीतून डेस्कटॉप घ्यायचे होते. देणगीदारांचा कल ब्रँडेडकडे. मुख्याध्यापिकाबाईंनी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलं, इंजिनिअर किती दिवसांत येईल? उत्तरात ठाम दिवस नव्हता. खारी हवा, चार महिन्यांची ओल, पावसाळ्यात खालीवर होणारा विजेचा दाब. मशीन बिघडणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान चालवणारा शाळेचाच माजी विद्यार्थी मोटारसायकलवर अर्ध्या तासात येतो. त्यांनी त्यालाच मशीन जोडायला सांगितलं, सगळी एकसारखी, वर एक जादा एसएमपीएस आणि एक जादा रॅमची पट्टी कपाटात. एकसारखेपणा हा यातला सर्वांत हुशार भाग. एका मशीनमधला भाग दुसऱ्यात लावून बिघाड कुठे आहे ते पाचवीतली मुलंसुद्धा शोधू शकतील, असं बाई म्हणाल्या, आणि पुढे खरंच त्यांना ते शिकवलं.

सांगलीतल्या एका छापखान्याचा प्रश्न यापैकी कुठल्याच सल्ल्याने सुटणारा नव्हता. तिथे पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंक जुन्या पेजमेकरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत पडून आहेत. ते फॉन्ट-सॉफ्टवेअर प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टवर लावलेल्या हार्डवेअर लॉकशिवाय उघडत नाही, आणि लॉकचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे चालत नाही. ते चालवणाऱ्या जुन्या मशीनचा बोर्ड मेला तेव्हा मालकांनी नवं ब्रँडेड मशीन आणायची तयारी केली होती. त्यांच्याकडच्या ऑपरेटरने त्यांना थांबवलं. इंटेलचा एच-६१ हा चिपसेट २०११ चा, पण त्यावरचे बोर्ड आजही नवे मिळतात, आणि त्यातल्या काहींवर पॅरलल पोर्टसाठी पिना असतात. तसा एक बोर्ड मिळाला, जुन्याच कॅबिनेटमध्ये जुन्याच स्क्रूंनी बसला, मागच्या पट्टीवर पोर्ट आला, लॉक लागला. या मशीनला इंटरनेट कायमचं तोडलं आहे. हिशेबासाठी शेजारी एक साधं ब्रँडेड मशीन घेतलं. आता ऑपरेटर रोज संध्याकाळी एक जुनी फाइल उघडून युनिकोडमध्ये वळवतो, जोडाक्षरं हाताने तपासतो आणि वहीत टिक करतो. आधी स्मरणिका घेतल्या आहेत. लग्नपत्रिका सगळ्यात शेवटी.